साठातले २३ जॉब ‘अर्जंट’, आता नाइट शिफ्ट वाढवावी का?

मकरपुऱ्याचा प्लॅनर: मंडळी, बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी प्लॅनिंग बघतो. बुश, शाफ्ट, फ्लँज असला यंत्रांच्या सुट्या भागांचा माल. सेल्सवाले पार्टीला ७ दिवस सांगून मोकळे होतात, माल निघतो १२ दिवसांनी. मग फोन, आरडाओरड आणि जॉबला लाल टॅग. लाल टॅग म्हणजे लेथवर असेल ते उतरवा, हे चढवा. काल मोजले, ६० पैकी २३ लाल! साहेब म्हणतात, रात्रीची माणसं वाढवू. माझं मन घेत नाही, पण का ते धड सांगता येत नाही.

सूरसागरकर: रोज माल किती निघतो?

मकरपुऱ्याचा प्लॅनर: सरासरी ५ जॉब.

सूरसागरकर: मग १२ दिवस लागणारच की. हातातले ६० जॉब भागिले रोजचे ५. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे हा. ७ दिवस हवेत तर फ्लोअरवर ३५च ठेवा, बाकी जॉबकार्डं ड्रॉवरमध्ये.

इंदूरची वहिनी: अहो, ड्रॉवर म्हणजेसुद्धा रांगच ना! पार्टी तिथेही ताटकळतेच. खरी गोम लाल टॅगात आहे. अर्धवट उतरवलेला जॉब परत चढवताना सेटिंग दुसऱ्यांदा करावी लागते. तो वेळ गेला की बाकीचे जॉब लांबतात, त्यांच्या पार्ट्यांचे फोन येतात, तेही लाल होतात. साहेब आग विझवताहेत ती तुपाने. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्याशी बोलताना जनरल इलेक्ट्रिक कंपनीवाल्यांनी असंच कोडं मांडलं होतं. केंटकीतल्या कारखान्यात कधी तीन-चार शिफ्ट, तर काही वर्षांनी निम्मी माणसं घरी. सगळे बाजाराला दोष देत होते. फॉरेस्टरनी वही-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला, तर हेलकावे कंपनीच्या स्वतःच्याच भरतीच्या आणि ऑर्डरच्या पद्धतीतून निघत होते. तुम्ही आधी दुबार सेटिंगचा वेळ मोजा, माणसं मग.

मकरपुऱ्याचा प्लॅनर: वहिनी, आठवडाभर मोजलं. दिवसाला ६ वेळा उतरवाउतरवी, दर वेळी ४० मिनिटं. म्हणजे रोजचे ४ तास, अर्धी शिफ्ट! कागद साहेबांपुढे ठेवला. ठरलं की एका वेळी लाल टॅग दोनच, तिसरा लावायचा तर आधीचा एक काढायचा. टॅगांचा गठ्ठा मी कपाटात कुलूपबंद केला. पहिल्याच दिवशी दुपारी तिसरा टॅग मागायला कोण यावं? साहेबच! म्हटलं, यातला कोणता काढू, ते तुम्हीच सांगा. दहा मिनिटं जॉबच्या बोर्डापुढे उभे राहिले, मग म्हणाले, “राहू दे, पार्टीला मीच फोन करतो.”