जोडीदाराचा होमस्टे, आपला व्हिसा : अनुभव लिहा

नवरा-बायको वेगवेगळ्या देशांचे आणि घरातल्या चार खोल्या पर्यटकांना दिलेल्या, अशा घरात हाताची घडी घालून बसणं कुणालाच जमत नाही. कुणी चहा टाकतो, कुणी चादरी बदलतो, रात्री अकराला पोचलेल्या पाहुण्याला कुणी किल्ली देतो. पगार नाही, पावती नाही, म्हणून घरातले त्याला काम म्हणतच नाहीत. व्हिसा देणारे म्हणतात. पैसे घेतलेत का, हा त्यांचा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असा, की हेच करायला एरवी माणूस ठेवावा लागला असता का?

२०२५ मध्ये वेल्सची एक तरुणी अमेरिकेत लोकांच्या घरी राहून, राहण्याच्या बदल्यात घरकामाला मदत करत फिरत होती. कॅनडाने सीमेवरून परत पाठवली आणि अमेरिकेने १९ दिवस कोठडीत ठेवली. त्या बातमीनंतर ‘आम्ही पण असंच करतो, चालतं ना?’ असं विचारणारे बरेच निघाले, म्हणून हा धागा. गाव-देश लिहा. माणसांची, कचेऱ्यांची नावं नकोत. फुकटची वकिलीही नको; आपल्यावर काय आलं आणि पुढे काय केलंत, एवढं लिहा.

तारकर्ली

माझी बायको फ्रान्सची. आईच्या नावावरच्या वाडीत आमच्या खोल्या आहेत. लग्नानंतर तिला एक्स-२ व्हिसा मिळाला, म्हणजे भारतीय माणसाची बायको म्हणून राहा, पण नोकरी-धंदा करू नका. आम्ही म्हटलं, धंदा आईचा, ती आपली घरात असते. प्रत्यक्षात दुसऱ्या मोसमापर्यंत निम्मं घर तिच्यावर आलं होतं. सगळ्यात गंमत सी-फॉर्मची. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याचा पासपोर्ट, व्हिसा, आला कुठून, जाणार कुठे हे सगळं ऑनलाइन कळवावं लागतं. तो फॉर्म घरात सर्वांत नीट कोण भरायचं? हीच. परदेशी बाई परदेश्यांची खबर सरकारला देत होती, माझ्या लॉगिनवरून.

व्हिसा वाढवायला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी अगदी हसतखेळत विचारलं, “वहिनी घावणे झकास घालतात म्हणे?” मी पण खुशीत हो म्हणालो. मग त्यांनी मोबाइल माझ्याकडे वळवला. आमच्याच होमस्टेखाली पुण्याच्या एका कुटुंबाने लिहिलं होतं की सगळी व्यवस्था फ्रेंच वहिनी बघतात, घावणे आणि सोलकढी त्यांच्याच हातची. पाच तारे. आई सोबत होती, ती म्हणाली, “सून आहे ती. सुनेने रांधायचं नाही तर कोणी?” साहेब म्हणाले, “आजी, घरच्यांसाठी रांधलं तर मी कोण विचारणार? हे गिऱ्हाइकांसाठी आहे.” त्यांनी लिहून काही घेतलं नाही, हे आमचं नशीब. लग्नाला दोन वर्षं झाली की ओसीआयला, म्हणजे परदेशी नागरिक राहूनही भारतात कायम राहू देणाऱ्या कार्डाला, अर्ज करा, तोवर बाई ठेवा, असं सांगितलं. तोवर शेजारची वहिनी ठेवली, तिला रीतसर पैसे दिले. लग्न नोंदवलेलं होतं, त्यामुळे दोन वर्षं भरल्यावर अर्ज करताना अडचण आली नाही. ओसीआयवर धंदा करता येतो, शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. वाडी आईच्याच नावावर आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. आता घावणे तीच घालते आणि बिलावर सहीही तिचीच असते.

न्यू जर्सी

मी एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या नवऱ्याची बायको म्हणून. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर व्हायचं होतं, त्यामुळे २०१५ पासून एच-४ वाल्यांना मिळू लागलेलं ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मला लागू नव्हतं. त्याने ऑफिसातल्या मित्राबरोबर पोकोनोजच्या डोंगरात केबिन घेतली. घर विकत घेऊन भाड्याने देणं ही गुंतवणूक, ती एच-१बी वाल्यालाही करता येते. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. शुक्रवारी दाराचा कोड बदलायचा, रविवारी हॉट टबच्या पाण्यात पट्टी बुडवून रंग बघायचा, टॉवेल मोजायचे, दिवसभर पाहुण्यांच्या मेसेजना उत्तरं द्यायची. हे सगळं मी करत होते. घरी बसून कंटाळली आहेस, तुला विरंगुळा, असं सगळे म्हणायचे. खरं सांगू? विरंगुळा होताच. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या उत्तराची वाट बघत होतं.

पहिल्यांदा टोकलं ते कर भरणाऱ्या अकाउंटंटने. पाहुणा सरासरी सात दिवस किंवा त्याहून कमी राहतो, वर साफसफाई वगैरे सेवा तुम्हीच पुरवता, तर हे साधं घरभाडं राहत नाही, कराच्या अर्जात भाड्याच्या शेड्युल ई ऐवजी धंद्याची शेड्युल सी भरायची वेळ येऊ शकते, म्हणजे व्यवसाय. एच-१बी वर एकाच मालकाचं काम करायची परवानगी असलेल्या माणसाच्या नावावर व्यवसाय! तिथून आम्ही वकिलाकडे गेलो. ग्रीन कार्डच्या आय-४८५ फॉर्मवर थेट प्रश्न असतो, तुम्ही कधी परवानगीशिवाय काम केलं आहे का. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डात एकूण १८० दिवसांपर्यंतची चूक पोटात घालायची सोय कायद्यात आहे, हे ऐकून नवरा लगेच दिवस मोजायला बसला. वकीलबाई म्हणाल्या, मोजू नका, थांबवा. सगळं व्यवस्थापन कंपनीकडे दिलं. जवळजवळ पाव उत्पन्न त्यांना जातं, उरतं त्यात हप्ता जेमतेम सुटतो. ईएडी आल्यावर मी दुसरीकडेच नोकरी धरली. केबिनची मला आता ओढ नाही.

पुणे, सध्या मुलाकडे डॅलसला

आम्ही पर्यटक व्हिसावर. विमानतळावर मुक्काम किती, उतरणार कुठे, एवढंच विचारलं. मुलाने भाड्याने देतो त्या घराच्या अंगणातलं गवत कापायला सांगितलं होतं, ते मी वरची हकीकत वाचून रद्द केलं. सूनबाई नाराज आहेत. नातवाला शाळेतून आणतो, तेवढं पुरे.

क्राबी, थायलंड

लग्नाच्या व्हिसासाठी बँकेत चार लाख बात ठेवून राहतो. बायकोचं गेस्टहाउस आहे. इथल्या भारतीयांना वाटतं थाई बायको म्हणजे सगळं मोकळं. बायको राहायचा हक्क देते, कामाचा नाही. त्याला वर्क परमिट वेगळं लागतं. ते काढायला कंपनी हवी, भांडवल हवं. थाई नागरिकाशी लग्न असेल तर वीस लाखांऐवजी दहा लाख बात, एवढीच सवलत. छोट्या गेस्टहाउसला ते पेलत नाही, म्हणून बहुतेक जण ‘मी फक्त गप्पा मारतो’ या सदरात राहतात.

मी पण त्यातलाच. पण आपले पाहुणे यायला लागले आणि गप्पा वाढल्या. मराठी बोलणारा माणूस दिसला की मंडळी सोडत नाहीत. कुणाला वरण-भात, कुणाला बिनकांद्याचं, आणि सगळ्यांना बेटं बघायला सोबत मी. एकदा नऊ जणांच्या कुटुंबाबरोबर बोटीत बसलो, एक आजी होत्या, त्यांना हात धरून उतरवत होतो आणि येता-जाता खडकांची नावं सांगत होतो. धक्क्यावरचा एक थाई गाइड बायकोकडे आला. आवाज चढवला नाही. तुझा नवरा गाइडचं काम करतो, ते काम इथे थाई माणसालाच राखीव आहे, पुन्हा दिसला तर कळवीन, एवढं बोलून गेला. विनापरवाना कामाला पाच हजार ते पन्नास हजार बात दंड आणि वर परत पाठवणी. दंड भरता येतो हो, पण परत पाठवलं तर मुलीची शाळा इथे, मी नागपुरात.

तेव्हापासून बोटीवर त्याच गाइडला पाठवतो. पाहुण्यांना हिंदी समजणारा हवा असतो, म्हणून मीच त्याला कामापुरतं हिंदी शिकवलं. आता याला कोणी काम म्हणू नये म्हणजे झालं. आणि भाऊलोक, फुलत आलेलं गेस्टहाउस बघून इथे मुली बघू नका.

धागा उघडणारी

मध्येच बोलते. पावतीवरून, बँकेच्या खात्यावरून अजून कुणाचंच बाहेर पडलेलं दिसत नाही. तारकर्लीला पाहुण्याचं कौतुक नडलं, क्राबीला शेजारच्या माणसाचं पोट. आणि भारतातल्यांसाठी : १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट आला आहे. परदेशी पाहुणा कळवायची जबाबदारी त्यातही आहे, कायदा बदलला म्हणून कळवणं बंद करू नका. पुढचं येऊ द्या.

मांद्रे, गोवा

आमचं लग्न झालेलं नाही, होणारही नाही बहुतेक. तो इंग्लंडचा, मोसमात येतो, पर्यटक व्हिसावर. खोल्या माझ्या, पर्यटन खात्यात नोंदणी माझ्या नावावर. तो रंगकाम करतो, नळ दुरुस्त करतो, पाहुण्यांना स्कूटर कुठे मिळेल ते सांगतो. नोकरीचा व्हिसा काढ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, त्याला वर्षाला सव्वासोळा लाखांच्या आसपास पगार दाखवावा लागतो. माझी वर्षाची उलाढाल तेवढी नाही! पर्यटक ई-व्हिसावर विनामोबदला सेवा चालते, तीसुद्धा जास्तीत जास्त एक महिना आणि बदल्यात काहीही न घेता. आमच्या किनाऱ्यावर ‘स्वयंसेवक’ म्हणून जे राबतात त्यांना खाट आणि जेवण मिळतं, म्हणजे बदला आलाच.

मला विचाराल तर नवऱ्या-मित्राने स्वतःच्या माणसाच्या घरी नळ दुरुस्त केला तर देश बुडत नाही. तरी रिसेप्शनला मी त्याला बसू देत नाही. रिसेप्शन दिसतं, नळ दिसत नाही.

मांद्रेच्या बाजूचाच गाव (आई सांगते, मी टाइप करते)

मी खोल्या झाडते. चादरी, बाथरूम, कचरा. मोसम ऑक्टोबर ते मार्च, त्यावर वर्ष काढायचं. आधी माझ्याकडे पाच घरं होती. दोन घरांत आता गोरी पोरं-पोरी झाडू मारतात, झोपायला खोली मिळते म्हणून. एका घरात मालकाची मैत्रीण करते. ती चांगली आहे, मला चहा देते. पण माझे पैसे गेले ते गेले. वरची बाय म्हणते देश बुडत नाही. देश कशाला बुडेल, माझं घर बुडतं. नळवाल्याला पण विचारा.

मांद्रे, गोवा

पटलं. नळवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे, तो वेळेवर येत नाही हे वेगळं. पण पटलं.

कॉर्नवॉल, इंग्लंड (मूळची सातारा)

मी फियान्से व्हिसावर आले. सहा महिने, त्यात लग्न करायचं, आणि काम अजिबात नाही. सासूबाईंचे समुद्राजवळ दोन कॉटेज आहेत. तिथला शनिवार म्हणजे लगीनघाई : दहाला जुने पाहुणे जाणार, चारला नवे येणार, मधल्या सहा तासांत सगळं चकाचक. पहिल्याच शनिवारी मी पदर खोचल्यासारखी उभी राहिले, तर सासूबाईंनी हातातला मॉप काढून घेतला. मला वाईट वाटलं. साताऱ्यात आईला फोन करून म्हटलं, मला परकी समजतात. त्यांना मात्र नियम पाठ होते. इथे विनापरवाना माणूस कामावर ठेवला तर मालकाला २०२४ पासून पहिल्याच वेळी माणशी ४५ हजार पौंडांपर्यंत दंड आहे, आणि ‘होणारी सून आहे’ या उत्तरावर धंदा पणाला लावायला त्या तयार नव्हत्या. मग सहा महिने शनिवारी मी गाडीत बसून पुस्तक वाचायचे आणि सासूबाई कामाच्या दोघी बायकांबरोबर धावत असायच्या. बघवत नसे.

लग्नानंतर स्पाउस व्हिसा झाला, त्यावर काम करता येतं. मंजुरी आली त्याच आठवड्यात त्यांनी मला तासाच्या दराने पगारावर घेतलं, रीतसर पेस्लिपसह. सुनेला पगार? आई अजून विश्वास ठेवत नाही.

डिचोली, गोवा

माझं सगळ्यांत उलटं. वडील १९६१ च्या आधीचे, म्हणजे गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य असताना जन्मलेले, त्यामुळे पोर्तुगालला नोंद करून पासपोर्ट काढला आणि इंग्लंडला कामाला गेलो. पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारताचं गेलं. परत आलो तो पर्यटक म्हणून. बायको भारतीयच राहिली. वडिलोपार्जित घरात तिने तीन खोल्या पर्यटकांना दिल्यात. म्हणजे ज्या घरात जन्मलो तिथे मी परदेशी पाहुणा, आणि पैसे घेऊन खोल्या देणारं घर म्हणून माझासुद्धा सी-फॉर्म बायकोने भरला. ‘पुढचा मुक्काम’ या रकान्यात काय लिहू, असं ती विचारत होती.

ओसीआयसाठी जुन्या पासपोर्टचे कागद गोळा करतोय, त्याला वेळ लागतोय. तोपर्यंत बुकिंग, पैसे, पाहुण्यांशी बोलणं, सगळं तीच बघते. मी मागच्या माडांना पाणी घालतो. नारळ पाहुण्यांना जातात, तेव्हा हे पाणी घालणं कशात धरतात, कुणाला विचारून बघितलं असेल तर लिहा.