मदत हवी आहे: गाडीतल्या प्लास्टिकच्या पट्टीचं लॉक तुटलंय, ग्लू धरत नाही

घाटावरचा
नमस्कार मंडळी. गाडीच्या पट्टीचं मागचं लॉक तुटलंय. दोनदा सुपर ग्लू लावला, रात्रभर दाबून ठेवलं, सकाळी हात लावला की टक्कन सुटतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात अख्खी पट्टी बदला. शनिवारी पहाटे आईला घेऊन गुहागरला निघायचंय. घरच्या घरी पक्कं चिकटवायला काय वापरू? लवकर सांगा.

ठाणेकरीण
कुठली पट्टी? बंपरखालची, दाराची, चाकावरची? फोटो टाका ना.

टेम्पोवाले काका
एम-सील आणा. दोन्ही भाग रंग एक होईपर्यंत मळा, तुटल्या जागी पॉलिश पेपर मारा आणि बसवा. माझ्या टेम्पोच्या मडगार्डला चार वर्षं झाली, हललेलं नाही. सर्व्हिस सेंटरच्या नादी लागू नका.

मोल्डिंग_चाकण
चाकणला इंजेक्शन मोल्डिंगमध्ये बारा वर्षं आहे. आधी पट्टी उलटी करून मागचा शिक्का वाचा. एबीएस, म्हणजे एक कडक प्लास्टिक, असेल तर सुपर ग्लू आणि वर चिमूटभर खायचा सोडा, दगड होतो. पीपी असेल, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तर साधा ग्लू आणि एम-सील दोन्ही वाया. ते प्लास्टिक मेणासारखं असतं, काही चिकटूच देत नाही. पीपीला वितळवूनच जोडावं लागतं.

टेम्पोवाले काका
मग माझं मडगार्ड चार वर्षं कसं टिकलं? आम्ही काय खोटं सांगतो?

मोल्डिंग_चाकण
काका, खोटं म्हणत नाही. तुमचं मडगार्ड फायबरचं असेल, फायबरवर एम-सीलसारखं इपॉक्सी छान बसतं. माल वेगळा की इलाजही वेगळा.

पाटपाणी
शिक्का कशाला शोधता, तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर पीपी, बुडला तर एबीएस.

मोल्डिंग_चाकण
नुसत्या पीपीला हे बरोबर आहे. पण गाडीच्या भागांत बऱ्याचदा टाल्क, म्हणजे खनिजाची पूड, मिसळलेलं असतं. टी20 लिहिलं असेल तर 20 टक्के टाल्क, आणि तसा तुकडा पीपी असूनही बुडतो. शिक्काच वाचा.

घाटावरचा
शिक्का सापडला, पीपी-टी20. वितळवून जोडायचं कसं? घरी 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न आहे.

मोल्डिंग_चाकण
चालेल. स्टीलची बारीक जाळी कापून मागच्या बाजूने तडकलेल्या जागेवर आडवी ठेवायची आणि आयर्नने आत दाबायची. वर पीपीचंच भरण घालायचं. त्रिकोणात 5 आकडा असलेला जुना डबा कापलात तरी होतं. केबल टाय वितळवू नका, ते नायलॉन, पीपीशी एकजीव होत नाही. प्लास्टिक काळं पडून धूर आला तर आयर्न जास्त तापलंय. खिडक्या उघड्या ठेवा.

नारळीपोफळी
माझ्या गाडीचं बाहेरचं काळं प्लास्टिक पांढरट पडलं होतं. खोबरेल तेलाचा हात फिरवला, नव्यासारखं झालं. पावसात जातं, पण पुन्हा लावायला कितीसा वेळ लागतो.

ठाणेकरीण
घाटावरचा, पट्टी कुठली ते अजून सांगितलं नाहीत. आणि तुटली कशी?

घाटावरचा
पुढच्या काचेशेजारची उभी पट्टी. डॅशकॅमची वायर आतून घ्यायला ओढली, तेव्हा वरचं लॉक गेलं. जाळी आणायला निघतोय.

ठाणेकरीण
थांबा! तिच्यावर एअरबॅग लिहिलंय का?

घाटावरचा
हो, बारीक अक्षरात. पण एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते ना?

ठाणेकरीण
टॉप मॉडेल असेल तर कर्टन एअरबॅगही असते, छताच्या कडेने घडी घालून ठेवलेली. धडक बसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते. त्या पट्टीचं लॉक ठरल्याप्रमाणे सुटायला हवं आणि तरी पट्टी आत बसलेल्यांच्या अंगावर उडता कामा नये, म्हणून तिथली क्लिप पट्ट्याने धरून ठेवणारी असते. वितळवून जोडलेला तुकडा तेव्हा कसा वागेल, कोणीच सांगू शकत नाही. वायर कुठून नेलीत?

घाटावरचा
वरून, त्या घडीच्या पुढून.

मोल्डिंग_चाकण
मी आधीच विचारायला हवं होतं. ताई म्हणतात तेच करा, वर लिहिलेलं या पट्टीला अजिबात करू नका. नवी पट्टी आणि नव्या क्लिपाच घ्या. वायर एअरबॅगवरून आडवी जाता कामा नये, मागून गेली पाहिजे. तिथे हात घालण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा, किंवा जाणत्याकडूनच करून घ्या.

टेम्पोवाले काका
हे मलाही माहीत नव्हतं. पुण्यात असाल तर नाना पेठेत स्पेअरची दुकानं आहेत. पट्टीवरचा पार्ट नंबर लिहून न्या.

पाटपाणी
गुहागरला कुंभार्ली घाटाने जाणार का? रस्ता आता कसा आहे?

घाटावरचा
वायर काढली. पट्टी आणि क्लिपा सांगून आलो, मंगळवारी येतील. शनिवारी भावाची गाडी नेतोय, आई मागे बसेल. ताई, मागच्या सीटलाही ही एअरबॅग पोचते का?

ठाणेकरीण
हो, सहसा मागच्या खिडकीपर्यंत असते. भावाच्या गाडीत आहे का बघा. नसली तरी आईंना बेल्ट लावायला सांगा.