शाळेत 'साहेब' येणार होते तेव्हा... (तपासणी, मान्यता, पटपडताळणीचे अनुभव)

पाटीपेन्सिल
परवा मतदान करून आले आणि बोटावरची शाई बघून 2011 ची पटपडताळणी (पटावरची पोरं खरंच शाळेत आहेत का ते मोजणं) आठवली. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, अख्ख्या राज्यात एकदम. मी खाजगी अनुदानित शाळेत नवीनच लागले होते. पोरांच्या बोटाला शाई, म्हणजे तेच पोरगं दुपारी दुसऱ्या पटावर उभं राहायला नको. पहिलीतल्या एकाला वाटलं सुई टोचणार, तो जो बाकाखाली शिरला तो निघेचना. पट खरा होता, तरी संस्थाचालकांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.
लिहा तुमचेही. कॉन्व्हेंट, उर्दू, पाठशाळा, काहीही.

मंद्या
शाईच्या आधीचा काळ. आम्हाला टेम्पोत भरून शेजारच्या गावी नेलं. मी 'सुरेश' म्हणून हजर. साहेबांनी वडलांचं नाव विचारलं, मी खरं सांगून मोकळा 😂

आंबटगोड
मंद्या, अरे मग खरा सुरेश कुठे होता??

मंद्या
तो मुंबईला गेलेला दोन वर्षांपूर्वी. पट मात्र गावात.

कुकरची शिट्टी
नवरा 'कायम विनाअनुदानित' शाळेवर, म्हणजे सरकारी अनुदान कधीच नाही. 2009 ला त्यातला 'कायम' शब्द काढला, अनुदानाची वाट बघण्यात आमची तरुणपणं गेली. तपासणीवाले मात्र वेळेवर. मुताऱ्या मोजल्या, रॅम्प बघितला, शेरेबुकात 'समाधानकारक'. मास्तरला पगार किती मिळतो हे एकानेही विचारलं नाही. बाकीचं नंतर लिहिते, भात लागतोय.

घनपाठी
मी वेदपाठशाळेतला. 2012 च्या दुरुस्तीने पाठशाळा आणि मदरसे आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) बाहेरच, त्यामुळे साहेब कसले नि तपासणी कसली. दहावीला सतरा नंबरचा (बाहेरून बसणाऱ्यांचा) फॉर्म भरला. संहिता तोंडपाठ, भूमितीत प्रमेय म्हणजे काय ते माहीत नाही. कुणीतरी येऊन बघायला हवं होतं असं आता वाटतं. गुरुजींना हे पटणार नाही.

नूरजहाँबी
आमची अल्पसंख्याक शाळा. 'तुम्हाला काय, मोकळं रान' असं ऐकून कान किटले. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालाने आरटीईचे गरीब मुलांसाठीचे 25 टक्के प्रवेश आम्हाला लागू नाहीत, खरंय. पण यू-डायस (शाळेची सरकारी माहिती) भरा, संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं) करा, आग विझवायच्या नळकांड्यांची तारीख दाखवा, हे आहेच. आता 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकालच मोठ्या पीठापुढे जावा म्हटलंय. त्याच निकालात नोकरीतल्या शिक्षकांच्या टीईटीचाही (शिक्षक पात्रता परीक्षा) प्रश्न आहे, त्यामुळे स्टाफरूममध्ये टीईटीशिवाय विषय नाही.

पाटीपेन्सिल
नूरजहाँबी, आमच्याकडेही तेच. 51 व्या वर्षी अभ्यास! पेपर दोनचं गणिताचं पुस्तक आहे का कुणाकडे?

आंबटगोड
आहे, पण पेनाने सोडवलंय. निम्मी उत्तरं चूक. चालत असेल तर व्यनि कर.