किनाऱ्यावरच्या गावात उघड्यावर कविता-फिल्म दाखवायची आहे: पडदा, प्रोजेक्टर, अक्षरं

खाजणकाठ: मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कासवांच्या पिल्लांच्या हंगामात, मंडणगड तालुक्यातल्या किनाऱ्यावर दोन कविता-फिल्म दाखवायच्या आहेत. एक कासवावर, एक खारफुटीवर, प्रत्येकी चार मिनिटं. पुळणीवर बांबू रोवून 16 बाय 9 फुटी पडदा बांधायचा विचार आहे. माणसं साधारण दीडशे. भाड्याचा प्रोजेक्टर 3500 लुमेनचा आहे, तो पुरेल का? शिवाय प्रीमियर या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘किनारा’तली वेलांटी भलतीकडेच जाते आणि जोडाक्षरं फुटतात. काय करावं?

पुळणवाट: पुळणीवर नकोच. पिल्लं घरट्यातून वर आली की जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. तुमचा पडदा लागला की ती पडद्याची होईल. अंडी घालायला येणारी मादीही उजेड पाहून परत फिरते. ज्याच्यावर कविता आहे त्याचीच वाट चुकवायची नाही, एवढं पथ्य पाळाच.

गावाच्या आतल्या अंगाला, शाळेची किंवा देवळाच्या आवारातली समुद्राकडे पाठ असलेली भिंत शोधा. प्रोजेक्टरचा झोत आणि पडद्यावरून परतणारा उजेड, दोन्ही तपासायचे. आदल्या रात्री पूर्ण पांढरी फ्रेम लावून एकाने भरतीच्या रेषेवर जाऊन उभं राहायचं. माडांच्या शेंड्यांवर उजेड दिसला, तर जागा बदला. अक्षरं पिवळसर-नारिंगी केली तर त्रास कमी होतो, पण म्हणून किनारा चालेल असं नाही. वनखात्याला आणि गावातल्या कासवमित्रांना आधी सांगा.

तिसरी घंटा: 16 बाय 9 फूट म्हणजे सुमारे 13.4 चौरस मीटर. 3500 भागिले 13.4, म्हणजे पडद्यावर साधारण 260 लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन). अंधारात उत्तम. फक्त आकडा ‘अँसी लुमेन’चा, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला आहे ना, ते विचारा. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावर 9000 छापलेलं असतं, पण अँसी मोजमापात तो काहीशेच भरतो.

थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, 1.5 असेल तर प्रोजेक्टर 24 फुटांवर येईल. तो भिंतीच्या मध्यरेषेवर ठेवा. कीस्टोनने (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणाऱ्या सोयीने) चित्र सरळ होतं, पण पिक्सेल वाया जातात आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात.

जांभ्याची उघडी भिंत उजेड खाते. चुन्याचे दोन हात द्या, नाहीतर मांजरपाट ताणा. कापड दोरीने करकचून बांधलं की वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि डोळे, म्हणजे दोरी ओवायची भोकं, फाटतात. दर फुटावर डोळा पाडून सायकल-ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा, खालच्या नेफ्यात पाइप घाला. सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. साडेसातच्या आधी सुरू करू नका.

वीज गेली तर दिव्याचा प्रोजेक्टर पंखा न फिरता गरमच बंद पडतो, दिव्याचं आयुष्य घटतं. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या.

शिरोरेघ: प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा, मग नवी टेक्स्ट लेअर घेऊन ओळ पुन्हा टाका. मजकूर युनिकोडच हवा; जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर कचराच दिसेल. तरीही अडलं तर इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ लिहून पारदर्शक पीएनजी काढा.

शेवटची रांग 60 फुटांवर धरली तर काना-मात्रा सोडून अक्षराची उंची 12 सेंटिमीटर हवी, म्हणजे तुमच्या पडद्यावर 1080 पिक्सेल उंचीच्या फ्रेममध्ये साधारण 50 पिक्सेल. मुक्ता मीडियम हा फॉन्ट चालेल. बारीक वजनात रफार आणि अनुस्वार उजेडात विरघळतात. एका वेळी एकच ओळ, पाच-सहा शब्दांची, निदान सहा सेकंद. लाटांच्या पांढऱ्या फेसावर पांढरी अक्षरं टाकू नका. तिथे चित्रच बरंच अंधारं करा.

खाजणकाठ: शाळेची मागची भिंत ठरवतो. खारफुटीची फिल्म आवारातल्या वडावर टाकली तर?

पुळणवाट: पानांवर अक्षरांच्या चिंध्या होतात, आणि वडात रात्री पाखरं बसलेली असतात. तीही भिंतीवरच दाखवा.