मदत हवी आहे: पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोला मायकोरायझा लागू का पडत नाही?

नमस्कार मंडळी. लागवडीच्या वेळी अर्ध्या ओळींना मायकोरायझा (मुळांत राहून झाडाला अन्न-पाणी मिळवून देणारी बुरशी) दिलं, अर्ध्या मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. ४० दिवस झाले, दोन्हींत काडीचा फरक नाही. परवा एक रोप उपटून पाहिलं. मुळं पांढरी, भरगच्च, पण बुरशी आत शिरली की नाही हे नुसत्या डोळ्यांना कुठं दिसतंय!

शंका माझ्याच हातावर आहे. स्फुरद (फॉस्फरस) भरपूर मिळालं की झाड या बुरशीला दारात उभं करत नाही, आणि मी तर ठिबकमधून १२:६१:०० (भरपूर स्फुरदाचं विद्राव्य खत) सोडतच होतो. वर मर रोग दिसला म्हणून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही केली (घाई नडली).

आता स्फुरद कमी करून पुन्हा मुळाशी द्यावं, की पुढच्या वेळी रोपांच्या ट्रेमध्येच मिसळावं? सोबत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) कोणी दिलंय का?