न्यू जर्सीत गांजा कायदेशीर. पण नेमका कोणासाठी?

जर्सीकर:
परवा भाच्याशी वाजलं. पोरगा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. म्हणे मामा, दुकान राजरोस उघडं असतं, बिल देतात, राज्य त्यावर टॅक्स घेतं, वय २१ झालं की कोणी विचारत नाही, मग भ्यायचं कशाला? म्हटलं बाबा, तू उभा आहेस त्याच फुटपाथवर दोन कायदे लागू आहेत. एप्रिल २०२२ पासून इथे गांजा दुकानात मिळतो हे खरं, पण केंद्राच्या १९७० च्या कायद्यात तो अजून अमली पदार्थांच्या यादीतच आहे आणि इमिग्रेशनवाले फक्त तोच कायदा बघतात. २०१९ साली त्यांनी लेखीच सांगितलंय की राज्यात चालत असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगल्या वर्तणुकी'ला बाधा येऊ शकते. कोर्टात शिक्षा व्हायलाच पाहिजे असंही नाही, अधिकाऱ्यासमोर स्वतःहून कबूल केलंत तरी अडकलात. माझं म्हणणं एवढंच की राज्याने मुभा दिली असेल तर केंद्राने निदान त्या राज्यात तरी ती सगळ्यांसाठी धरावी.

वऱ्हाडी:
यात नवीन काय? वर्ध्यात दारूबंदी, नागपुरात बार. हद्द ओलांडली की नियम बदलतो, गप पाळायचा.

जर्सीकर:
नाही ना भाऊ! आपल्याकडे दारू हा राज्याचा विषय, त्यामुळे वर्ध्यात एकच कायदा, बंदी. इथे हद्द ओलांडावीच लागत नाही, दुकानदाराचा कायदा वेगळा आणि व्हिसावाल्याचा वेगळा.

वकील_नाही:
मला केंद्राची बाजू पटते, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. नागरिकत्व देशाचं मिळतं, न्यू जर्सीचं नाही. आयडाहो राज्यात गांजा बंद आहे. मग तिथल्या अर्जदाराला नकार आणि इथल्याला होकार, तोही एकाच गोष्टीसाठी? पिनकोड बघून सिटिझनशिप द्यायची का? आणि केंद्राचा कायदा राज्याच्या वर, हे सुप्रीम कोर्टाने गांजाच्याच खटल्यात २००५ साली ६-३ ने सांगून झालंय.

सॅनहोजेची मावशी:
तो खटला आमच्या कॅलिफोर्नियातलाच, तेव्हा पूर्ण सांगा की. एका आजारी बाईच्या घरी सहा झाडं. विकत नव्हती, राज्याच्या वैद्यकीय कायद्यात बसत होती, शेरीफची माणसं, म्हणजे स्थानिक पोलीससुद्धा म्हणाले यात काही गैर नाही, तरी केंद्राच्या लोकांनी ती उपटून नेली. आणि कोर्टाने याला केंद्राच्या अखत्यारीतल्या आंतरराज्य व्यापारात बसवलं!! परसातली सहा झाडं म्हणजे व्यापार असेल तर माझा कढीपत्तापण एक्सपोर्ट बिझनेस झाला.
आणि मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनने सुरुवात केली, आता २४ राज्यं झाली, केंद्र काय करतं तर कानाडोळा. २०१४ पासून तर काँग्रेस, म्हणजे इथली संसद, बजेटमध्येच लिहिते की राज्यांच्या वैद्यकीय गांजात लुडबुड करायला पैसे मिळणार नाहीत. २०२२ ला बायडेननी जवळ बाळगल्याचे गुन्हे माफ केले, तेही कोणाला, नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना. एच-वन-बीवाला परत बाहेरच. म्हणजे कायदा जिवंत ठेवलाय तो फक्त ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी.

वकील_नाही:
मावशी, कढीपत्ता मान्य :) पण मग कायदा बदला ना, तो काँग्रेसने बदलायचा. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने मनाने सूट द्यायला लागली तर उद्या तो मनाने नकारही देईल. तुम्हाला ते जास्त महागात पडेल.

जर्सीकर:
हा मुद्दा पटला, अर्धा. पण २०२४ मध्ये गांजा केंद्राच्या यादीतल्या खालच्या, म्हणजे कमी कडक, तिसऱ्या शेड्यूलमध्ये टाकायचा प्रस्ताव आला तेव्हा आमच्या ग्रुपवर लोक पेढे वाटायला निघाले होते. अरे, तिसऱ्यात गेला तरी यादीतच राहतो. दुकानवाल्यांचा इन्कमटॅक्स हलका होईल, कारण वरच्या शेड्यूलमध्ये असेपर्यंत त्यांना दुकानाचं भाडंसुद्धा खर्चात दाखवता येत नाही. व्हिसावाला आहे तिथेच.

वऱ्हाडी:
ते राहू दे, भाच्याचं काय झालं?

जर्सीकर:
काल फोन आला. विचारतो, मामा, गमी (गांजा घातलेली गोळी) खाल्ली तर ती पण धरतात का? म्हटलं धरतात, आणि खाल्लीस की नाही ते मलासुद्धा सांगू नकोस, आधी वकील गाठ.