कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मशीनला हात लावू देण्याआधी नेमकं काय शिकवावं?

नवा_वर्कशॉप_प्रमुख, नांदेड

आमच्याकडं पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला सुरक्षेवर तासभर लेक्चर होतं, रजिस्टरवर सही होते आणि विषय मिटतो. तीच सही शेवटच्या वर्षापर्यंत चालते. आता प्रोजेक्टवाली पोरं संध्याकाळी यायलेत. कुणाला पेरणी यंत्राची फ्रेम वेल्ड करायची, कुणाला शाफ्ट टर्न करायचा. प्राचार्यांनी लेखी नियम मागितलाय. दोन लेथ, एक पिलर ड्रिल, पेडेस्टल ग्राइंडर, आर्क वेल्डिंगचे दोन सेट आणि गॅस कटिंग, एवढा पसारा आहे. प्रशिक्षण एकदाच द्यायचं की मशीननिहाय? पास-नापास ठरवायचं कसं? आणि किती दिवस ग्राह्य धरायचं?

लेथवाला

मशीननिहायच. ड्रिल येतं म्हणून लेथ येतो असं नसतं, आणि लेथवर बसलेली सवय वेल्डिंगला उलटी पडते. हातमोजांचंच बघा. वेल्डिंगला चामड्याचे हवेतच, पण लेथ आणि ड्रिलवर कुठलेही मोजे चालत नाहीत. फिरत्या जॉबनं (मशीनवर लावलेल्या तुकड्यानं) मोजाचं टोक पकडलं की बोटासकट ओढतो. पोरांचा सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, म्हणून प्रत्येक मशीनच्या बोर्डवर मोजे घालायचे की काढायचे हे मोठ्या अक्षरात लिहा.

कपड्यांचा नियम दारातच लागू करा. बंद चामडी बूट, सुती अ‍ॅप्रन, लेथ-ड्रिलसाठी कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या बाह्या. नायलॉन-पॉलिएस्टर वेल्डिंगच्या ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, कडं, अंगठी, मनगटावरचा धागा, इअरफोनची वायर सगळं बाहेर. आयकार्डची दोरी हमखास राहते, कारण कॅम्पसमध्ये ती गळ्यात असणं सक्तीचं असतं आणि तीच ड्रिलवर वाकल्यावर बरोबर चकच्या (फिरत्या पकडीच्या) तोंडाशी लोंबते. दाराशी खिळे ठोका, आयकार्ड तिथं टांगलं की माणूस आत. मुलींची नुसती वेणी पुरत नाही, अंबाडा घालून टोपीच्या आत.

लेथवर शिकवताना पहिली गोष्ट चकची चावी. चावी चकमध्ये असेपर्यंत हात तिच्यावरून उठता कामा नये, एवढा एकच नियम घोटून घ्या. स्प्रिंगवाली चावी मिळते, हात सोडला की आपोआप बाहेर येते. दोन घेऊन टाका. दुसरी गोष्ट, स्टार्ट करण्याआधी चक हातानं एक पूर्ण फेरा फिरवायचा, चकचा जॉ (जॉब धरणारा दात) टूल वाहणाऱ्या कॅरेजला घासतो का ते कळतं. जॉब चकबाहेर व्यासाच्या साधारण तिपटीहून जास्त निघाला तर समोरच्या टोकाला टेलस्टॉकचा सेंटर (आधाराचं टोक) लावायचा. स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) मागून लांब बार बाहेर आला असेल तर त्याला आधार हवा, नाहीतर वेग वाढला की तो वाकून गोल फिरत चाबकासारखा बसतो. चिप हातानं ओढायची नाही, मशीन थांबवून हूकनं किंवा ब्रशनं काढायची. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून फिरत्या जॉबवर धरणं कडक बंद.

ड्रिलवर थोडक्यात: जॉब वाइसमध्ये किंवा क्लॅम्पनं बांधलेला. पातळ पत्रा हातानं धरला की ड्रिल आरपार निघताना पत्रा त्यात अडकून फिरतो आणि ब्लेडसारखा हात कापतो.

आता परीक्षा. लेखी प्रश्नांना सगळे बरोबर उत्तर देतात, त्यावर जाऊ नका. मेन बंद करून, कुलूप लावून चावी इन्स्ट्रक्टरच्या खिशात, मग मशीनवर मुद्दाम चार-पाच चुका ठेवा: चकमध्ये चावी, टूल हवं त्यापेक्षा बाहेर, टेलस्टॉक सैल, बेडवर स्पॅनर, ड्रिलचा गार्ड वर. पोराला सांगा, "चालू कर." स्टार्टकडं हात जाण्याआधी त्यानं सगळ्या चुका शोधल्या तर पुढं. एक जरी राहिली तरी दुसऱ्या दिवशी परत. त्यानंतर इन्स्ट्रक्टरसमोर एक फेसिंग (तोंड सपाट करणं), एक टर्निंग (व्यास कमी करणं) आणि इमर्जन्सी बटण दाबून दाखवायचं.

तीन_फेज

वरचं सगळं बरोबर, पण आपल्या भागात लाइट जाते-येते हे प्रशिक्षणात धरलंच पाहिजे. लाइट गेली की पोरं चहाला जातात, मशीन ऑन स्थितीतच राहतं. परत आली की रिकाम्या शेडमध्ये चक फिरायला लागतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणी जॉब काढत असतानाच फिरतो. याच्यासाठी स्टार्टरला नो-व्होल्ट कॉइल (लाइट गेली की स्टार्टर पाडणारी) असते. तपासायला दोन मिनिटं लागतात: मशीन रिकामं चालू करा, मेन पाडा, थांबू द्या, मेन परत चढवा. मशीन आपोआप सुरू झालं तर तो स्टार्टर दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद.

आणि हो, शेतातल्या मोटारीच्या पेटीतला स्टार्टर काढून वर्कशॉपला लावलेला असेल तर ऑटो स्विच आहे का बघा. लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणूनच तो असतो. विहिरीवर सोय, लेथवर फास.

डीपीवर किंवा खांबावर काम झालं की दोन फेज उलटे येऊ शकतात, मोटर उलटी फिरते. थ्रेडवाला (आट्यावर बसवलेला) चक त्यानं ढिला होऊन सुटू शकतो, ग्राइंडरचे नटही सैल पडतात. म्हणून लाइनचं काम झाल्यावर पहिल्यांदा प्रत्येक मोटरची दिशा रिकामी चालवून बघायची. बाण रंगवून ठेवा.

हातातल्या मशीनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). सॉकेटमध्ये काड्या खोचून वायर लावलेली दिसली की त्या पोराचं मशीन वापरायचं परवाना-कार्ड त्याच दिवशी काढून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा. काळी माती वाळून भेगाळली की रॉडचा मातीशी संपर्क सुटतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं.

ठिणगी_लातूर

ग्राइंडर आणि गॅस यांवर स्वतंत्र सत्र घ्या, घाईत उरकू नका.

पेडेस्टल ग्राइंडरचा टूल रेस्ट आणि चाक यांत अंतर ३ मिमीपेक्षा जास्त नको, वरच्या जीभेचं (गार्डच्या पट्टीचं) ६ मिमीच्या आत. चाक झिजलं की अंतर वाढतं, जॉब खाली खेचला जाऊन अडकतो आणि चाक फुटतं. अंतर चाक पूर्ण थांबल्यावरच लावायचं. नवं चाक बसवण्याआधी लोंबकळत धरून लाकडी दांड्यानं हलकं वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर भेग आहे, टाकून द्या. दोन्ही बाजूंना कागदी वॉशर हवा. बसवल्यावर एक मिनिट रिकामं चालवताना चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ या चाकावर नको, छिद्रं भरून चाक तापतं.

हँड ग्राइंडरचा गार्ड काढून मोठी डिस्क लावायचा प्रकार सर्रास दिसतो. ४ इंची मशीन मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतं, ७ इंची डिस्क साधारण ८,५०० साठीच बनवलेली असते. डिस्कवर छापलेला आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा मोठा हवा, हे पोरांकडून वाचून घ्या.

गॅसला सिलिंडर उभे, साखळीनं बांधलेले. डीएचा (अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरचा) नट डावा आटा, जोर लावून उलटा पिळू नका. डीएचा दाब १ बारच्या वर कधीच नाही, त्यापुढं अ‍ॅसिटिलीन स्वतःहून फुटू शकतं. दोन्ही रेग्युलेटरवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी सिलिंडरकडं जाऊ न देणारा). ऑक्सिजनच्या आट्याला तेल किंवा ग्रीस लावलं तर पेटतं. तेलकट हातानंही नाही. गळती साबणाच्या पाण्यानं बघायची.

वेल्डिंगला ३.१५ च्या रॉडसाठी १० किंवा ११ नंबरची काच, शेजारी उभ्या राहणाऱ्यालाही. आणि उन्हाळ्यात एक गोष्ट नक्की सांगा: घामानं भिजलेले मोजे आणि कूलरच्या पाण्यानं ओली फरशी. ट्रान्सफॉर्मर सेटला आर्क नसताना ७०–८० व्होल्ट एसी असतो, ओल्या अंगाला तो पुरेसा घातक. लाकडी फळीवर उभं राहा, मोजे बदला. फवारणीचे किंवा डिझेलचे रिकामे ड्रम वेल्डिंगला घ्यायचेच नाहीत, धुतलेत असं कुणी सांगितलं तरी नाहीत.

नवा_वर्कशॉप_प्रमुख, नांदेड

खूप कामाचं आहे. संध्याकाळचं आणि मुदतीचं कुणी सांगेल का? आणि प्रथमोपचार त्यातच घ्यायचा का?

लेथवाला

संध्याकाळी इन्स्ट्रक्टर फ्लोअरवर असेल तरच मशीन, ऑफिसात बसून नाही. तो नसेल तर फाइल, हॅकसॉ, मार्किंग एवढंच, तेही दोघं असतील तरच. वर्कशॉप बंद करण्याच्या अर्धा तास आधी गॅस कटिंग थांबवा आणि ठिणग्या उडालेल्या जागेवर तेवढा वेळ कुणी तरी थांबू द्या.

कार्ड एका शैक्षणिक वर्षापुरतं. मधे सहा महिने मशीन वापरलं नसेल तर चुका शोधायची परीक्षा परत, लेक्चर परत नको. कार्डावर प्रत्येक मशीनची वेगळी सही. अपघात थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचं रजिस्टर ठेवा, पण त्यावरून दंड करू नका. दंड लावला की लिहिणं बंद होतं.

तीन_फेज

प्रथमोपचार त्यातच, वीस मिनिटांत बसतो. भाजलं तर वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही, झाकून डॉक्टरकडं. बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत, पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फात नको. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन पाडायचा, म्हणून मेन कुठं आहे हे प्रत्येकाला चालत जाऊन दाखवून घ्या. १०८ ला फोन केल्यावर गाडी कुठल्या गेटला बोलवायची तेही भिंतीवर लिहा. संध्याकाळी मागचं गेट बंद असतं, बहुतेक कॉलेजात.